कशाच्या तुलनेत?

एक कोडं घालतो. तुम्हाला एरिक क्लॅप्टनच्या कार्यक्रमाचं फुकट तिकीट मिळालंय. ते विकता येणार नाही. त्याच संध्याकाळी बॉब डिलनही गाणार आहे आणि क्लॅप्टन नसता तर तुम्ही तिकडेच गेला असतात. डिलनचं तिकीट ४० डॉलर. त्याला ऐकण्यासाठी तुम्ही एरवी जास्तीत जास्त ५० डॉलर मोजायला तयार असता. बाकी खर्च काही नाही. तर क्लॅप्टनला ऐकण्याची खरी किंमत किती? शून्य, १०, ४० की ५०?

उत्तर १०. डिलनकडे गेला असतात तर ४० देऊन ५० मोलाचा आनंद मिळाला असता, म्हणजे निव्वळ लाभ १०. क्लॅप्टनपायी तेवढ्यावर तुम्ही पाणी सोडलंत. याला संधी खर्च म्हणतात आणि अर्थशास्त्राच्या पहिल्या सत्रातच तो शिकवतात. पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी २००५ साली हे कोडं १९९ अर्थतज्ज्ञांना घातलं. बरोबर उत्तर दिलं २१.६ टक्क्यांनी. चार पर्यायांवर डोळे मिटून खूण केली असती तरी २५ टक्के बरोबर आले असते. विद्यार्थ्यांचा निकाल त्याहून वाईट होता. अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्यांत ७.४ टक्के बरोबर, न केलेल्यांत १७.२ टक्के.

अर्थशास्त्राची बाजू मांडायला बसलेल्या माणसाने असा पुरावा सुरुवातीलाच बाहेर काढू नये, हे मला कळतं. पण मला तो आवडतो. व्याख्या पाठ झाली म्हणजे विचार करता आला, हा भ्रम तो फोडतो. शिवाय आपल्याच लोकांची परीक्षा घेऊन आपलाच नापासाचा निकाल छापणारे विषय फार नसतात. (२०१२ साली आणखी दोघांनी उलट मांडलं, की दोष उत्तर देणाऱ्यांचा नाही, संधी खर्चाची व्याख्याच सैल आहे. या विषयात असंच चालतं.)

विद्यापीठात तीन-चार वर्षं अर्थशास्त्र शिकून हाती काय लागतं, याचं माझं उत्तर दोन शब्दांत मावतं : ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न अंगवळणी पडतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो नेमक्या वेळी आठवणं आणि मग त्याचं उत्तर खरोखर शोधता येणं, यातच सगळी मेहनत आहे. वर दिलेला निकाल सांगतो की नुसत्या वर्गात बसण्याने ती होत नाही.

आता फायदा म्हटलं की सगळ्यांना आधी पगार आठवतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. जो विषय माणसं पैसा कसा कमावतात याचा अभ्यास करतो, त्याने स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या कमाईबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. या विषयाचे पदवीधर बँका, विमा, सल्लागार कंपन्या, सरकारी खाती, सांख्यिकी, पत्रकारिता असे चहूकडे पांगतात आणि बरे कमावतात. पण ‘बरे कमावतात’ म्हटल्याबरोबर प्रश्न येतो, कशाच्या तुलनेत? इतिहासाच्या किंवा समाजशास्त्राच्या पदवीधरांच्या? पण अर्थशास्त्राकडे वळणारी मुलं मुळातच वेगळी असली तर? गणिताला न घाबरणारी, मोठ्या पगारावर आधीपासून डोळा असलेली, घरच्यांची चार ठिकाणी ओळख असलेली. मग पगार विषयाने वाढवला की त्या मुलांनी तो येताना सोबतच आणला होता? खरी तुलना हवी ती त्याच मुलीची तिच्याशीच, तिने दुसरा विषय घेतला असता तर. आणि दुसरा विषय घेतलेली ती मुलगी कुठे भेटणार? ती तर अस्तित्वातच नाही.

झॅकरी ब्लीमर आणि आशीष मेहता यांनी तिला शोधून काढलं, निदान तिच्या जवळपास जाणारी कुणीतरी. सांताक्रूझ इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २००८ पासून एक नियम होता. अर्थशास्त्र हा मुख्य विषय घ्यायचा तर प्राथमिक अभ्यासक्रमांत चारपैकी सरासरी २.८ ग्रेड पॉइंट हवेत. त्याखालच्या पुष्कळांना दुसरीकडे वळावं लागलं. आता २.८ आणि २.७ या दोन मुलींत फरक तो काय? एखादं गणित सुटलं नाही, परीक्षेच्या दिवशी अंगात कणकण होती, तपासणाऱ्याचा हात आखडला. बुद्धी, घरची परिस्थिती, महत्त्वाकांक्षा साधारण सारखीच. एक मात्र रेषेच्या या बाजूला पडली आणि दुसरी त्या बाजूला. अशा रेषेलगतच्या विद्यार्थ्यांचे पुढचे पगार दोघांनी तपासले. २०२२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की रेषा जेमतेम ओलांडून अर्थशास्त्र घेणाऱ्यांना दुसऱ्या पसंतीच्या विषयाच्या तुलनेत नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सुमारे ४६ टक्के जास्त पगार मिळाला. यातला जवळपास निम्मा फरक ही मुलं वित्त, सल्लागारी अशा जास्त पैसे देणाऱ्या क्षेत्रांत गेल्यामुळे पडला.

आकडा घसघशीत आहे आणि प्रवेशाच्या दिवसांत कुणी तो फलकावर लावला तर मला नवल वाटणार नाही. पण ज्या शिस्तीने तो काढला त्याच शिस्तीने तो वाचायला हवा. एकच विद्यापीठ, एकच देश, त्यातही रेषेलगतचे विद्यार्थी. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही. आणखी एक खोच आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली दाखवलं होतं, की शिक्षणाने माणसाच्या कामात काडीची सुधारणा झाली नाही तरी पदवीला पगार मिळू शकतो. मालकाला ती ‘हा मुलगा कष्ट काढू शकतो’ एवढी खूण पटवते. पदवी अशी निव्वळ खूण असेल तर तुमचा फायदा म्हणजे रांगेत मागे राहिलेल्या कुणाचा तरी तोटा. समाजाच्या पदरात शून्य. तेव्हा या विषयाच्या पगाराचा मुद्दा मी इथेच सोडतो. मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की ‘अर्थशास्त्र शिकून फायदा काय?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्यायलाही अर्थशास्त्रच लागलं.

हाच प्रश्न इतरत्र लावून बघा. किमान वेतन वाढवलं तर नोकऱ्या कमी होतात का? कागदावर रेघा मारून उत्तर काढलं तर होतात : श्रम महाग झाले, मालक कमी माणसं ठेवणार. १ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्ट फूड दुकानांना वाढीच्या आधी आणि नंतर विचारलं, तुमच्याकडे माणसं किती? नुसतं न्यू जर्सी पाहिलं असतं तर त्या वर्षीच्या मंदीचा परिणाम कोणता आणि कायद्याचा कोणता, हे कळलंच नसतं. पेनसिल्व्हेनिया शेजारी होता म्हणून तुलना झाली आणि न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. १९९४ साली हे छापून आल्यावर गदारोळ उठला. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांवरून उलट निष्कर्ष काढला, कार्ड-क्रूगर यांनी त्याला पुन्हा उत्तर दिलं. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळालं, क्रूगर तोवर हयात नव्हते. वाद मिटलेला नाही. वाढ केवढी आणि मुळातलं वेतन किती यावर उत्तर पालटतं, असं म्हणणारे आज पुष्कळ आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याने या वादातून न्यावं ते उत्तर नव्हे. ‘गरिबांचा कळवळा’ आणि ‘धंद्याचं नुकसान’ या दोन आरोळ्यांच्या मध्ये एक तपासता येण्याजोगा प्रश्न असतो आणि तो तपासायला सीमेपलीकडचं राज्य शोधावं लागतं, एवढं कळलं तरी मतदार म्हणून त्याच्यात फरक पडतो.

इस्राएलच्या हैफा शहरातल्या पाळणाघरांची गोष्ट याहून छोटी आहे, पण वर्गात हमखास रंगते. मुलांना न्यायला पालक उशिरा येत. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्टिकिनी यांनी १० पाळणाघरांत २० आठवडे नोंदी ठेवल्या. सहा ठिकाणी पाचव्या आठवड्यापासून उशिराला १० शेकेल (तिथलं चलन) दंड सुरू केला. बाकी चार जशीच्या तशी. दंड लागल्यावर उशीर कमी व्हायला हवा होता. तो वाढत जाऊन जवळपास दुप्पट झाला. बाई ताटकळतात याची जी चुटपुट होती तिची जागा १० शेकेलनी घेतली. आता उशीर करणं हा अपराध राहिला नाही, ती विकत मिळणारी सोय झाली. गंमत पुढे आहे. सतराव्या आठवड्यापासून दंड काढून टाकला, तरी उशीर कमी झाला नाही. एकदा गेलेला संकोच परत आला नाही. ‘प्रोत्साहन द्या, माणसं वळतात’ हा अर्थशास्त्राचा पहिला धडा मानला जातो. तो धडा कुठे उलटतो हेही याच विषयाने मोजून दाखवलं. आणि ती चार पाळणाघरं नसती तर कुणीतरी म्हणालंच असतं, त्या दिवसांत रस्त्यांवर गर्दी जास्त असेल.

अर्थशास्त्र म्हणजे पैसा, हा गैरसमज तर पुसता पुसत नाही. ज्या व्यवहारात पैसा चालतच नाही तिथेही हा विषय कामी येतो, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण मूत्रपिंडांचं. पती पत्नीला मूत्रपिंड द्यायला तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही. दुसऱ्या शहरात अशीच अडलेली दुसरी जोडी आहे. या पतीचं तिकडच्या रुग्णाला जुळतं आणि तिकडच्या दात्याचं इकडे. अदलाबदल केली तर दोघं वाचतात. पण अशा शेकडो जोड्यांतून कुणाची गाठ कुणाशी घालायची? जगात जवळपास सगळीकडे अवयव विकायला बंदी आहे, म्हणजे भाव ठरवून बाजार चालवता येत नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली जोड्या जुळवण्याचं एक गणित मांडलं होतं, तेव्हा ते निव्वळ बुद्धीचा खेळ वाटावं असं होतं. ॲल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वाटेने पुढे जाऊन २००४ च्या सुमारास डॉक्टरांबरोबर अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात अदलाबदलीची व्यवस्था उभी केली. २०१२ साली रॉथ आणि शॅप्ली यांना नोबेल मिळालं. तोवर गेल गेले होते.

आता सगळ्यात रास्त शंका. हे सगळं तर मोबाईलवर फुकट मिळतं. व्याख्यानं आहेत, पुस्तकं आहेत, मी इथे चार उदाहरणं सांगितली ती कुणीही वाचू शकतो. मग त्यासाठी आयुष्याची तीन-चार वर्षं कशाला घालवायची? शुल्क हा या खर्चातला लहान भाग असतो. त्या वर्षांत कमावता आलं असतं किंवा दुसरं शिकता आलं असतं, ते खरं मोल. (क्लॅप्टनचं तिकीट आठवा.)

याला माझं उत्तर म्हणजे थॉमस हर्नडन. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत जोडीने २०१० साली एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की प्रगत देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होते, असा त्यातला आकडा. मंदीचे दिवस होते. खर्चकपातीच्या बाजूने बोलणाऱ्या अमेरिका-युरोपातल्या राजकारण्यांनी तो उचलून धरला. हर्नडन ॲमहर्स्ट इथल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकत होता. वर्गाला गृहपाठ होता : छापून आलेला एखादा निबंध निवडा, त्यातले आकडे स्वतः पुन्हा काढून दाखवा. याने हा निवडला. आकडे जुळेनात. प्राध्यापकांना आधी वाटलं, पोराचंच काहीतरी चुकलंय. सर्वसाधारण अनुभव तसाच असतो. शेवटी त्याने मूळ लेखकांना लिहिलं आणि त्यांनी, हे त्यांच्या मोठेपणाचं, आपली एक्सेलची फाइल पाठवून दिली.

फाइलमध्ये सरासरीचं सूत्र ३० ते ४९ या ओळींवर चालायला हवं होतं. ते ४४ व्या ओळीलाच थांबलं होतं. पाच देश गळले : ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. याशिवाय काही वर्षांची माहिती वगळलेली आणि देशांना वजन देण्याची पद्धत वादग्रस्त. खरं तर आकड्यावर मोठा परिणाम या बाकीच्या गोष्टींचाच होता, पण जगाच्या लक्षात राहिली ती एक्सेलची चूक. सगळं दुरुस्त केल्यावर हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांना २०१३ साली मिळालेली सरासरी : अधिक २.२ टक्के. लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, बाकी आक्षेप मात्र मानले नाहीत. कर्ज जास्त असलं की वाढ मंद असते, हा मुद्दा टिकतो, असं ते म्हणत राहिले. पण मंद वाढीमुळे कर्ज चढतं की कर्जामुळे वाढ मंदावते, हा प्रश्न सरासरी काढून सुटत नाही आणि हे संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकवतात.

फुकट व्याख्यानं ऐकून हर्नडन तयार होत नाही. गृहपाठ देणारं कुणीतरी लागतं, ‘तुझंच चुकलं असेल, पुन्हा कर’ म्हणणारं लागतं, आणि पुन्हा करून तेच आल्यावर आपलं मत बदलणारंही लागतं. शिवाय कंटाळवाणा भाग एकट्याने कुणी करत नाही. संख्याशास्त्राचं सत्र, राष्ट्रीय उत्पन्न नेमकं कसं मोजतात, किंमत निर्देशांकात काय धरतात आणि काय सोडतात. मी शिकत असताना निर्देशांकांच्या तासाला अर्धा वर्ग पेंगायचा, मीही त्यात होतो. आज महागाईच्या आकड्यावर वाद घालताना सगळ्यात उपयोगी पडतो तो त्याच तासाचा थोडाफार जागा राहिलेला भाग.

विषयावरचे आरोप मला ठाऊक नाहीत असं नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये ब्रिटनच्या राणीने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विचारलं होतं, एवढं मोठं आर्थिक संकट कुणालाच कसं दिसलं नाही? पुढच्या वर्षी ब्रिटिश अकादमीतर्फे तिला पत्र गेलं. इतक्या हुशार माणसांची सामूहिक कल्पनाशक्ती कमी पडली, अशा अर्थाची कबुली त्यात होती. २ नोव्हेंबर २०११ रोजी हार्वर्डचे काही विद्यार्थी प्राथमिक अर्थशास्त्राच्या तासातून उठून गेले. अभ्यासक्रम एकाच बाजूला कलतो, अशी त्यांची तक्रार होती. माझ्या मते ती बरीचशी बरोबर होती. पुष्कळ ठिकाणी आजही आर्थिक इतिहास ऐच्छिक असतो आणि विद्यार्थी १९२९ च्या महामंदीबद्दल काही न वाचता पदवी घेऊन बाहेर पडतो. हे वाईट आहे.

आणखी एक आरोप जास्त बोचरा आहे, की हा विषय माणसाला स्वार्थी करतो. जेराल्ड मार्वेल आणि रूथ एम्स यांनी १९८१ साली लोकांना सामायिक निधीत पैसे घालायला सांगितले, तेव्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इतरांच्या निम्म्याहूनही कमी हिस्सा घातला. विषयाची बाजू घेणारा इथे ओशाळतो, आणि ओशाळावंच. पण मग सवयीने विचारतो : कशाच्या तुलनेत? ही मुलं शिकून तशी झाली की तशीच होती म्हणून इकडे आली? रॉबर्ट फ्रँक आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली याच दिशेने तपास केला आणि दोन्हींचा थोडाथोडा अंश आहे, असं त्यांना वाटलं. म्हणजे आरोपात तथ्य आहे. ‘माणूस स्वतःचं हित पाहतो असं धरून चालू’ हे वाक्य वर्गात शंभरदा कानावर पडलं की धरून चाललेलं खरं वाटू लागतं. हैफाची पाळणाघरं पहिल्याच वर्षी शिकवावीत, असं मी म्हणतो ते यासाठी.

तेव्हा कुणी प्रवेश घ्यायच्या आधी विचारलं, तर मी कॉलेजचं नाव किंवा क्रमवारी बघू नका असं म्हणणार नाही; नावाची खूण बाजारात चालते, स्पेन्स यांनी ते सांगूनच ठेवलंय. पण विभागात जाऊन शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठावं आणि विचारावं, कुणाच्या छापील निबंधातले आकडे तू स्वतः पुन्हा काढून पाहिलेस का? आणि जुळले का? तो ‘नाही जुळले’ म्हणाला आणि पुढचा अर्धा तास का नाही जुळले हे सांगत राहिला, तर त्याच दिवशी अर्ज भरावा.